‘नुसता मुरगळलाय’ असे म्हणू नका

“सिस्टर, हाड मोडलंय का तेवढं सांगा.”

वॉर्डात ड्युटीवर असताना आणि आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करताना हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद नाही. एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले की माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. घरचेही म्हणतात, “चला, नुसता मुरगळलाय.” एक क्रेप बँडेज, चार गोळ्या, आणि तिसऱ्या दिवशी माणूस पुन्हा कामावर.

आमच्या ओळखीच्या एक ताई चार घरी धुणीभांडी आणि स्वयंपाक करतात. एका इमारतीच्या ओल्या जिन्यावरून उतरताना त्यांचे पाऊल आत वळले. ‘कट्’ असा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. घोटा लिंबाएवढा सुजला. एका दवाखान्यात एक्स-रे पाहून “काही नाही, मुरगळलंय” असे सांगितले गेले. घरी तेलाने रगडून मालीश झाले. शेजारचे एक काका पायाळू, म्हणून त्यांचा पाय लावून घेतला. सुट्टी मिळाली दोन दिवस. पुढच्या दीड वर्षात तोच घोटा पाच वेळा मुरगळला. कधी रस्त्याच्या कडेला, कधी अगदी सपाट फरशीवर. पाचव्या वेळी ताई पडल्या त्या हातावर, आणि मनगट मोडले. तेव्हा कुठे कोणी तरी त्यांचा घोटा नीट हातात घेऊन तपासला. दीड वर्षापूर्वी तुटलेला अस्थिबंध कधी धड जुळलाच नव्हता.

हाड मोडले नाही याचा अर्थ काही मोडले नाही, असा होत नाही. हा लेख त्यासाठीच.

घोट्यात काय काय असते?

घोटा म्हणजे एक सांधा. वरून नडगीचे जाड हाड येते, त्याच्या बाहेरच्या बाजूने दुसरे बारीक हाड येते. या दोन हाडांची टोके खाली दोन्ही बाजूंना उंचवट्यासारखी हाताला लागतात, त्यांनाच आपण आतला घोटा आणि बाहेरचा घोटा म्हणतो. या दोन टोकांच्या मधल्या खोबणीत पावलाचे एक हाड बसते, त्याला टॅलस म्हणतात. त्याच्या खाली टाचेचे हाड. सुताराने लाकडाच्या खाचेत दुसरे लाकूड बसवावे, तशी ही रचना आहे.

पण नुसती हाडे एकमेकांवर ठेवून सांधा उभा राहत नाही. त्याला बांधून ठेवणाऱ्या दोन प्रकारच्या दोऱ्या असतात आणि त्यांतला फरक कळला की पुढचे सगळे सोपे होते.

पहिली दोरी म्हणजे अस्थिबंध. डॉक्टर लिगामेंट म्हणतात. ती हाडाला हाडाशी बांधते. तिचे काम सांधा वाजवीपेक्षा जास्त वळू न देणे. बाहेरच्या घोट्यापासून असे तीन अस्थिबंध निघतात. एक पुढे टॅलसकडे जातो, एक खाली टाचेच्या हाडाकडे, तर एक मागे. पुढचा सर्वांत कमजोर, आणि तोच सर्वांत जास्त वेळा तुटतो. मागचा सर्वांत मजबूत. तो सहसा तुटत नाही. आतल्या बाजूला पंख्यासारखा पसरलेला जाड अस्थिबंध असतो, त्याला डेल्टॉइड म्हणतात. शिवाय नडगीचे हाड आणि बाजूचे बारीक हाड यांना घोट्याच्या थोडे वर एकत्र धरून ठेवणारे वेगळे बंध असतात.

दुसरी दोरी म्हणजे स्नायुरज्जू, इंग्रजीत टेंडन. ती स्नायूला हाडाशी जोडते. स्नायू आखडला की रज्जू ओढला जातो आणि पाऊल हलते. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा रज्जू हा आपल्या शरीरातला सर्वांत जाड आणि बळकट रज्जू. बाहेरच्या घोट्याच्या मागून दोन रज्जू जातात, ते पाऊल बाहेर वळवतात. आतल्या घोट्यामागून जाणारा एक रज्जू तळपायाची कमान उचलून धरतो. पुढच्या बाजूचे रज्जू पाऊल आणि बोटे वर उचलतात.

लक्षात ठेवायला सोपे: अस्थिबंध धरून ठेवतो, स्नायुरज्जू ओढतो. लोक या दोघांनाही ‘शीर’ म्हणतात. “शीर चढली”, “शीर सरकली” म्हणून ती बोटाने दाबून ‘बसवतात’. ताणलेली किंवा तुटलेली दोरी दाबून जागेवर बसत नाही. उलट त्या जागी आतून रक्त जास्त सुटते आणि सूज वाढते.

पाऊल आतच का वळते?

बहुतेक वेळा पाऊल आत वळते आणि इजा बाहेरच्या बाजूला होते. याला कारण आहे. बाहेरच्या घोट्याचे हाड आतल्यापेक्षा जास्त खाली आलेले असते, त्यामुळे पाऊल बाहेर वळायला अडते, आत वळायला मोकळे असते. दुसरे म्हणजे टॅलसचे हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असते. पाऊल वर उचललेले असताना रुंद भाग खाचेत घट्ट बसतो. पाऊल खाली झुकले की अरुंद भाग खाचेत येतो आणि सांधा सैल पडतो. नेमका याच वेळी पुढचा कमजोर अस्थिबंध ताणलेला असतो. जिना उतरताना, उतारावर, उंच टाचेच्या चपलेत किंवा उडी मारून खाली येताना घोटा जास्त मुरगळतो, तो यामुळे.

इजेच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत अस्थिबंध ताणला जातो. दुखते, पण चालता येते. दुसरीत तो थोडा फाटतो. सूज आणि काळे-निळे डाग येतात, चालताना लंगडावे लागते. तिसरीत तो पूर्ण तुटतो. सांधा सैल होतो. तिसऱ्या पायरीत कधी कधी पहिल्या झटक्यानंतर दुखणे विचित्रपणे कमी वाटते. त्याला फसू नये.

पहिले तीन दिवस

विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ही चार कामे अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये त्यांच्या पुस्तकात सांगितली आणि ती जगभर पसरली. पुढे त्यांनीच कबूल केले की बर्फ आणि पूर्ण विश्रांती फार दिवस चालू ठेवली तर भरून येण्याचे काम लांबू शकते. स्वतःचेच म्हणणे नवा पुरावा पाहून बदलणे, हे विज्ञानाचे लक्षण. आज सांगितले जाते ते असे:

पाय उंच ठेवा. झोपताना पावलाखाली दोन उशा, म्हणजे पाऊल छातीपेक्षा वर राहील. सूज उतरवायला याच्याइतका सोपा आणि फुकटचा उपाय नाही.

क्रेप बँडेज बोटांकडून सुरू करून वर पोटरीकडे न्या. घट्ट हवे, पण आवळलेले नको. बोटे थंड, निळी किंवा बधिर झाली तर ताबडतोब सोडा. रात्री झोपताना सैल करा.

दुखणे कमी करायला बर्फ चालतो, पण तो कापडात गुंडाळून, एका वेळी १० ते १५ मिनिटेच. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी बर्फही नको आणि गरम पाण्याची पिशवीही नको. त्वचा भाजली तरी त्यांना कळत नाही.

पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, जोराचे मालीश आणि दारू, तिन्ही वर्ज्य. आंबेहळद, तुरटी, रक्तचंदनाचा लेप लावलात तर वरवरच्या लेपाने तुटलेली दोरी जुळणार नाही आणि तपासणीलाही उशीर होईल, एवढे ध्यानात ठेवा. पायाळू माणसाचा पाय लावून लचक जाते, ही समजूत तर सोडूनच द्या. आईच्या पोटातून पाय आधी बाहेर आले, एवढ्याने कोणाच्या पायात औषध येत नाही. सौम्य लचक आपोआप बरी होते आणि श्रेय भलत्याला मिळते.

सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधणे. आत सूज वाढत असते, बाहेरची बांधणी सैल होत नाही, मग रक्तपुरवठा तुटतो. असा पाय काळा पडून गमवावा लागलेली माणसे रुग्णालयांना नवी नाहीत. बांधल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, बोटे हलवताना कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका.

एक्स-रे कधी काढायचा?

प्रत्येक मुरगळलेल्या पायाला एक्स-रे लागत नाही. मग कोणाला लागतो? कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी साधे नियम मांडले. ‘ओटावा नियम’ म्हणून ते आज सगळीकडे वापरतात. ते घरी कोणालाही कळतील असे आहेत.

मुरगळल्यावर लगेच, आणि नंतर तपासायच्या वेळीही, चार पावले टाकता येत नसतील, लंगडत का होईना, तर एक्स-रे काढा. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर अगर टोकावर, तिथून वर चार बोटांपर्यंत, बोटाने दाबले असता हाडावरच दुखत असेल तर एक्स-रे काढा. करंगळीकडच्या कडेला पावलाच्या मधोमध जे हाड टोचल्यासारखे हाताला लागते त्यावर, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही काढा.

यातले काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता फारच कमी. एक्स-रेचे पैसे वाचतात. पण दारू प्यालेला माणूस, बेशुद्ध माणूस, पाय बधिर असलेला मधुमेही आणि लहान मूल यांच्या बाबतीत या नियमांवर विसंबू नका. मुलांमध्ये हाड जिथून वाढते ती कूर्चा अस्थिबंधापेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाचा जिथे अस्थिबंध तुटेल तिथे मुलाच्या हाडाच्या वाढीच्या जागी इजा होऊ शकते. मुलाचा घोटा हाडावर दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

आणखी एक खूण. दुखणे घोट्यावर नसून घोट्याच्या वर, नडगीच्या खालच्या भागात असेल आणि पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबले तरी खाली कळ जात असेल, तर दोन हाडांना एकत्र धरणारे बंध फाटलेले असू शकतात. पाऊल अडकून अंग गर्रकन फिरते तेव्हा हे होते. कबड्डीत आणि फुटबॉलमध्ये सापडते. ही इजा साध्या लचकेपेक्षा बरीच हळू भरते. दोन हाडांत फट पडली असेल तर ऑपरेशन लागते.

सूज उतरली म्हणजे बरे झाले असे नव्हे

सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते. पण आत नवे तंतू जुळायला कित्येक आठवडे, आणि त्यांना पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने लागतात. शिवाय अस्थिबंध ही नुसती दोरी नाही. पाऊल कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक नसांची टोके त्यात असतात. अस्थिबंध फाटला की ही खबर तुटते. पाऊल वळत असताना स्नायूंनी वेळेवर सावरायला हवे, ते उशिरा सावरतात. ताईंचा घोटा सपाट फरशीवर का मुरगळायचा, याचे उत्तर इथे आहे.

म्हणून व्यायाम हा ऐच्छिक भाग नाही. तोच उपचार आहे. खाली दिलेले व्यायाम घरी, पैसे न देता होतात.

दुखणे सोसवू लागले की दोन-तीन दिवसांतच खाटेवर बसून पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई काढा. पूर्ण बाराखडी झाली तर उत्तमच. पाय लांब करून बसा, ओढणी किंवा पंचा पावलाच्या पुढच्या भागाला अडकवून हळू स्वतःकडे ओढा, ३० आकडे मोजा. पाऊल भिंतीला टेकवून बाहेरच्या बाजूला दाबा, म्हणजे बाहेरचे रज्जू बळकट होतील.

उभे राहता येऊ लागले की भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा उचला आणि हळू खाली आणा. जमू लागले की एका पायावर. मग तोल सांभाळायचा व्यायाम: दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहा. आधी आधार धरून, मग सोडून, मग डोळे मिटून, शेवटी घडी घातलेल्या गोधडीवर. भाकऱ्या थापताना, नळावर रांगेत उभे असतानाही हे करता येते. तोलाचे व्यायाम करणाऱ्यांचा घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण कमी होते, हे अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. निदान सहा आठवडे ते सोडू नका.

काम पुन्हा कधी सुरू करावे? पहिल्या पायरीत आठ-पंधरा दिवस, दुसऱ्या पायरीत तीन ते सहा आठवडे, तिसऱ्या पायरीत त्याहून जास्त, असा ढोबळ हिशेब. दुखऱ्या पायावर न लंगडता चालता येते का, एकट्या त्या पायावर टाच उचलता येते का, हे कॅलेंडरपेक्षा महत्त्वाचे. जड काम सुरू करताना काही महिने लेसचा किंवा पट्ट्याचा घोट्याचा ब्रेस वापरा. सपाता घालून ओल्या जिन्यावर किंवा बांधकामावर जाऊ नका.

टाचेमागची दोरी

टाचेच्या जाड रज्जूला जगभर ‘अकिलीस’ म्हणतात. ग्रीक कथेतला हा योद्धा. आईने त्याला टाच धरून नदीत बुडवले, म्हणून तेवढीच जागा कोरडी राहिली आणि तिथेच त्याचा घात झाला.

हा रज्जू तुटतो तेव्हा माणूस मागे वळून पाहतो. “कोणी तरी मागून काठी मारली असं वाटलं,” हे वाक्य सर्वांच्या तोंडी सारखेच. मागे तर कोणी नसते. बहुधा तिशी-चाळिशीचा माणूस, एरवी व्यायाम नसलेला, एके दिवशी अचानक धावतो, क्रिकेट खेळतो, किंवा चालत्या गाडीमागे पळतो, तेव्हा हे घडते. टाचेच्या काही बोटे वर, जिथे रज्जूला रक्तपुरवठा कमी असतो, तिथे तो तुटतो.

आम्ही पाहिलेली मोठी चूक इथली. रज्जू पूर्ण तुटला तरी माणूस कसाबसा चालतो. बोटांचे रज्जू शाबूत असतात, त्यामुळे बसल्या जागी पाऊल खाली झुकवताही येते. एक्स-रेत तर काहीच दिसत नाही. मग “पोटरी भरली” म्हणून गोळ्या दिल्या जातात.

याची परीक्षा एका मिनिटाची आहे. रुग्णाला पालथे झोपवा, पावले खाटेबाहेर येऊ द्या, आणि पोटरी हाताने दाबा. रज्जू शाबूत असेल तर पाऊल खाली झुकते. तुटला असेल तर पाऊल हलत नाही. दोन्ही पायांची तुलना करा. शंका आली तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाला तर तुटलेली टोके जवळ आणता येतात. महिना गेला की पोटरी आखडते, टोके दूर जातात, मग दुसऱ्या बोटाचा रज्जू वळवून आणण्यासारखे मोठे ऑपरेशन करावे लागते.

प्रत्येक तुटलेल्या रज्जूला ऑपरेशन लागते का? नाही. नॉर्वेमध्ये ५२६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोघांच्या पायांचे काम जवळपास सारखे होते. ऑपरेशन न झालेल्यांत शंभरात सुमारे ६ जणांचा रज्जू पुन्हा तुटला, झालेल्यांत शंभरात एकाहून कमी. उलट नसेला इजा होण्याचे प्रमाण ऑपरेशन झालेल्यांत जास्त होते. म्हणजे दोन्ही वाटा खऱ्या आहेत. अट एकच: बोटे खाली झुकवलेल्या बुटात किंवा प्लास्टरमध्ये वेळेवर पाय ठेवणे आणि नंतर नेमाने व्यायाम. मधुमेही आणि तंबाखू ओढणाऱ्या माणसाची जखम लवकर भरत नाही. त्यांनी याचा जास्त विचार करावा.

एका औषधाविषयी सावधगिरी

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही एकाच कुळातली जंतुनाशके. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणली जातात. या औषधांमुळे स्नायुरज्जू सुजण्याचा आणि तुटण्याचा धोका वाढतो, विशेषतः टाचेमागचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. साठी ओलांडलेल्यांना, मूत्रपिंड बदललेल्यांना आणि दम्यासाठी अगर सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. औषध चालू असताना टाचेमागे दुखू लागले तर पायावर जोर देऊ नका आणि डॉक्टरांना लगेच सांगा.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना लिव्होफ्लॉक्सासिन देतात. त्यांनी हे वाचून गोळी स्वतःहून बंद करायची नाही. क्षयाची गोळी सोडणे जास्त धोक्याचे. टाच दुखत असल्याचे केंद्रावर सांगा, ते निर्णय घेतील.

तसेच टाचेमागच्या रज्जूत स्टिरॉइडचे इंजेक्शन कोणी देऊ लागले तर थांबवून प्रश्न विचारा. त्याने दोन महिने बरे वाटेल, पण रज्जू कमजोर होऊन तुटू शकतो.

हळूहळू सपाट होणारे पाऊल

चाळिशी ओलांडलेल्या, दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, वजन किंवा साखर वाढलेल्या बायकांमध्ये आतल्या घोट्यामागचा रज्जू झिजतो. आतल्या बाजूला सूज, कमान बसत जाणे, चपलेची आतली कड लवकर झिजणे या खुणा. भिंतीला धरून त्या एका पायावर टाच उचलता येत नसेल तर तपासणी करा. सुरुवातीला कमानीला आधार देणारा इन्सोल, व्यायाम आणि काही आठवड्यांची विश्रांती पुरते. “वय झालं” म्हणून सोडले तर सांधा कायमचा वाकडा होतो.

बाहेरच्या घोट्यामागे टकटक आवाज करत काही पुढे-मागे सरकत असेल, तर तिथल्या रज्जूंना धरणारी पट्टी फाटलेली असू शकते. हेही दाखवावे.

अस्थिबंधाचे ऑपरेशन: कधी आणि कसे?

ताज्या लचकेला, अगदी पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधालाही, बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. आधार आणि व्यायाम यांनी बहुतेक लोक बरे होतात. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही घोटा पुन्हा पुन्हा मुरगळत असेल, तेव्हाच ऑपरेशनचा विचार होतो. ‘नीट’ या शब्दावर आमचा जोर आहे. कागदावर चार चित्रे छापून देणे म्हणजे फिजिओथेरपी नव्हे.

सर्वांत जास्त केले जाणारे ऑपरेशन स्वीडनच्या डॉ. ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ मध्ये सांगितले. बाहेरच्या घोट्यापाशी काही सेंटिमीटरचा छेद घेतात. सैल पडलेला अस्थिबंध आखूड करून पुन्हा हाडाला शिवतात. हाडात बारीक खिळ्यासारखा अँकर बसवून त्याच्या दोऱ्याने हे टाके घेतात. १९८० मध्ये गूल्ड नावाच्या डॉक्टरांनी त्यात भर घातली. जवळच असलेली रज्जूंवरची एक जाड पट्टी ओढून त्या शिवणीवर बसवायची, म्हणजे दुहेरी बळकटी येते. चादर फाटली तर आपण नुसते टाके घालत नाही, वरून ठिगळही लावतो, तसेच हे. स्वतःचा अस्थिबंध फारच झिजलेला असेल तर मांडीमागचा एक रज्जू काढून त्याचा नवा अस्थिबंध तयार करतात. दुर्बिणीतून सांध्याच्या आतल्या कूर्चेलाही इजा आहे का, ते त्याच वेळी पाहतात.

पुढचे वेळापत्रक डॉक्टर आणि शिवण यांप्रमाणे बदलते, पण अंदाज असा: पहिले दोन आठवडे पायावर वजन नाही, सहाव्या आठवड्यापर्यंत बूट किंवा ब्रेस, मग व्यायाम, तीन महिन्यांनी साधारण काम, जड काम आणि खेळ चार ते सहा महिन्यांनी. धोकेही माहीत हवेत: जखमेत पू, पावलाच्या वरच्या किंवा बाहेरच्या बाजूला बधिरपणा, सांधा आखडणे. पाय प्लास्टरमध्ये असताना पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा दम लागला, तर रक्ताची गाठ झालेली असू शकते. तडक रुग्णालय गाठा.

ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी हे प्रश्न विचारा, आणि भीड ठेवू नका. माझा नेमका कोणता अस्थिबंध किंवा रज्जू गेला आहे? ऑपरेशनशिवाय काय होईल? व्यायामाचा पूर्ण प्रयत्न झाला आहे का? पायावर वजन कधी टाकायचे? नंतरची फिजिओथेरपी कुठे आणि कितीला? अँकरचा खर्च वेगळा आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, हे भरती होण्यापूर्वीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या; भरती झाल्यावर नाही.

विश्रांतीचे पैसे कोण देणार?

इतके वाचून कोणी म्हणेल, “सिस्टर, सांगता ते खरं, पण घरी बसलो तर खाऊ काय?” हा प्रश्न बरोबर आहे. खेळाडूच्या घोट्याला संघ असतो, फिजिओ असतो, सुट्टी असते. ऊसतोडीच्या फडात, गटारीच्या कडेला, चौथ्या मजल्याच्या जिन्यावर मुरगळलेल्या घोट्याला यांतले काही नसते. म्हणून तो अर्धवट बरा होतो आणि पुन्हा मुरगळतो. आम्हीही वॉर्डात असताना “हाड ठीक आहे, विश्रांती घ्या” असे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळलो आहोत. ती विश्रांती घेणार कशी, हे विचारले नाही.

ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी कामावरची इजा त्याच दिवशी नोंदवावी. डॉक्टरांनी कामास अपात्र ठरवले त्या काळासाठी मजुरीच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळण्याचा हक्क आहे. मुकादम किंवा कंत्राटदार “घरी पडलो असं लिहा” म्हणाला तर तसे लिहू नका. रुग्णालयाच्या कागदावर इजा कुठे आणि काम करताना झाली, हे लिहून घ्या. पुढची सगळी भांडणे त्याच कागदावर लढायची असतात. घरकाम करणाऱ्या, रोजंदारीवरच्या माणसांना असे कवच बहुधा नसते. तिथे माणसांनीच माणसांना धरून ठेवावे लागते.

त्या ताईंचे पुढे काय झाले? तीन महिने व्यायाम केला. फरक पडला, पण घोटा सैलच राहिला. ऑपरेशन ठरले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “दोन महिने गेले नाही तर कामं सुटतील.” मग त्यांच्याच गल्लीतल्या चौघी बसल्या. एकेकीने एकेक घर वाटून घेतले. पगारातला अर्धा वाटा काम करणारीचा, अर्धा ताईंचा. एका मालकिणीने कुरकुर केली, पण चारही कामे टिकली.

परवा त्या जिना उतरताना भेटल्या. कठड्याला हात होता, पायात पट्ट्याची चप्पल होती. “बाराखडी चालू आहे का?” आम्ही विचारले. “ज्ञ पर्यंत,” त्या म्हणाल्या, आणि पुढच्या घरी गेल्या.